हेडफोन रेडिओ: घोडबंदरला खरखर, तलावपाळीला ठीक. सेट बदलायचा का?

वाघबीळ_वॉकर
डोक्यावर घालायचा, घडी होणारा हेडफोन आहे. ब्लूटूथ, मेमरी कार्ड आणि एफएम तिन्ही त्यातच. ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळ ते कासारवडवली पट्ट्यात, ९१.१ आणि ९८.३ लागतात, पण मान वळवली की खरखर. ऑटो सर्चला निम्मी स्टेशनं सापडतच नाहीत. १०४.० वर तर आवाज फाटतो, तेही सगळीकडे. हाच सेट तलावपाळीला बऱ्यापैकी चालतो. दोष सेटचा की जागेचा? नवा घ्यायचा तर पुन्हा हेडफोन, की खिशातला रेडिओ आणि वायरचा इयरफोन?

तारेवरचा
तीन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, एकात मिसळू नका.

मान वळवल्यावर येणारी खरखर अँटेनाची. १०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३ मीटर, म्हणजे पाव तरंगाची अँटेना ७५ सेंटिमीटरची हवी. खिशातल्या रेडिओत इयरफोनची मीटरभर वायरच अँटेना होते, त्यामुळे ते फुकटात जमून जातं. हेडफोनमध्ये सहसा एका कपात बॅटरी, दुसऱ्यात बोर्ड, आणि कमानीतून गेलेल्या वायरींनाच अँटेना करून घेतलेलं असतं. लांबी जेमतेम ३०-३५ सेंटिमीटर, आणि तीही डोक्याला चिकटून. रेडिओच्या हिशेबात डोकं म्हणजे मिठाच्या पाण्याचा गोळा, सिग्नल खातं आणि ट्यूनिंगही हलवतं.

त्यात घोडबंदरला येऊरचा डोंगर आडवा. मुंबईकडून थेट येणारा सिग्नल मंद, आणि उंच इमारतींवर आपटून फिरून आलेले भरपूर. ते एकमेकांना मारतात तिथे आवाज गायब होतो आणि पाऊलभर सरकलं की परत येतो. तलावपाळीला तळ्यामुळे मोकळं आहे, डोंगरही लांब, म्हणून तिथे हाच सेट शहाण्यासारखा वागतो.

ऑटो सर्चचं कारण साधं: ठरावीक ताकदीच्या खालचं स्टेशन चिप सोडून देते. सर्च तलावपाळीला करून स्टेशनं साठवा, घोडबंदरला नुसती बोलवा. मोनोचा (दोन्ही कानांत एकच आवाज) पर्याय असेल तर आधी तो लावा. कमकुवत सिग्नलवर स्टिरिओत मोनोपेक्षा साधारण २० डेसिबल जास्त खरखर असते. बातम्या आणि गप्पांना स्टिरिओ हवंय कशाला?

१०४.० बद्दल एक सांगा: आकडे १०३.९ वरून थेट १०४.१ वर जातात का?

वाघबीळ_वॉकर
हो, थेट. मधला आकडा येतच नाही.

तारेवरचा
मग सेट अमेरिकेच्या सेटिंगवर आहे. तिथे एफएम ०.२ च्या टप्प्याने चालतं आणि शेवटचा आकडा कायम विषम. ९१.१, ९२.७, ९८.३, १००.७ बरोबर बसतात, १०४.० आणि १०४.८ कधीच बसणार नाहीत, ०.१ बाजूलाच राहणार. आवाज फाटतो तो त्यामुळे. शिवाय तिकडे डी-एम्फॅसिस (प्रक्षेपणात वाढवलेले उंच सूर सेटमध्ये परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०, म्हणून झांजा-टाळ्या थोड्या दबलेल्या ऐकू येतात. काही सेटमध्ये एखादं बटण दाबून धरलं की प्रदेश बदलतो, माहितीपत्रक बघा. तशी सोय नसेल तर इलाज नाही, अँटेना कितीही सुधारा.

सोल्डरवाला_कळवा
अँटेनापुरता उपाय आहे. बाहेर ३.५ मिमीचं भोक असेल तर साधी ऑक्स वायर खोचा, दुसरं टोक मोकळं सोडून त्यावर टेप मारा. बऱ्याच सेटमध्ये फरक लगेच कळतो. काही सेट मात्र वायर लागताच रेडिओ सोडून लाइन-इनवर (वायरीतून येणाऱ्या आवाजावर) उडी मारतात, तिथे हा मार्ग बंद.

मग उघडायचं. कपाची गादी ओढून काढा, खाली तीन-चार स्क्रू असतात. आधी बॅटरीची एक वायर सोडवा, लिथियम सेलवर सोल्डरिंग आयर्नचं टोक घसरलं तर खेळ संपला. बोर्डावर अँटेनाच्या जागी बहुधा एएनटी (ANT) छापलेलं असतं. तिथे १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आणि त्याच्या पुढे ७५ सेंटिमीटर मऊ, अनेक तारांची बारीक वायर. बाहेर पडते तिथे आतून गाठ मारून हॉट ग्लू घाला, नाहीतर पहिल्याच हिसक्याला बोर्डावरचा सोल्डरचा पॅड उखडून येतो. वायर शर्टाच्या आत पाठीवर सरळ सोडा. ती कमानीलाच गुंडाळायची असेल तर एवढा खटाटोप नको. कमानीला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवायचा सल्ला सगळीकडे फिरतो, तोही सोडा. ते डोक्याशी आणखी जवळीक करतं.

घणसोली_अप_डाउन
ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये रोज ऐकायचं असेल तर हेडफोन रेडिओच्या नादी लागू नका. डबा पत्र्याचा, सिग्नल येतो तो खिडक्यांतून. खिडकीची जागा मिळाली तर ठीक, मधल्या गर्दीत मीटरभर वायरही हात टेकते. एएमवर आकाशवाणी मुंबईचं ५५८ किलोहर्ट्झ ऐकणाऱ्यांनी तर गाडीत आशाच ठेवू नये. वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेची आणि मोटर कंट्रोलची घरघर थेट आत येते. एफएमवर तिचा त्रास बराच कमी.

एएम असलेल्या हेडफोनचं आणखी एक: आतली फेराइटची कांडी (एएमची अँटेना) दिशा बघून ऐकते. तिचं टोक मनोऱ्याकडे गेलं की आवाज पडतो, त्यामुळे तिथे मान वळवून फरक पडणारच. आणि अमेरिकी सेट १० किलोहर्ट्झने सरकतो, ५५८ च्या जागी ५६० देतो.

नेरुळ_६
मोबाइलवर ॲप टाकून ऐका की, कशाला ही झटापट?

तारेवरचा
गाण्यांना चालेल. मॅचची कॉमेंट्री मागे पडते, बॅटरी आणि डेटा जातो ते वेगळंच.

मूळ प्रश्नाला: घोडबंदरसाठी खिशातला डीएसपी (सिग्नल चिपमध्ये डिजिटल पद्धतीने हाताळणारा) रेडिओ आणि वायरचा इयरफोन. वायर सेटभोवती गुंडाळू नका. रस्त्याने चालताना एकच कान लावला तरी अँटेना पूर्ण वायरीचीच राहते, आणि मागून येणारी टीएमटीची बसही ऐकू येते. हेडफोनच हवा असेल तर बाहेर अँटेनाची काडी निघणारा बघा.

सोल्डरवाला_कळवा
घेताना दुकानाच्या आत तपासू नका. तिथले एलईडी आणि चार्जर इतका कचरा सोडतात की चांगला सेटही टाकाऊ वाटतो. दारात या, डोक्यावर घाला (हातात धरून बघितलेलं कामाचं नाही), आणि हाताने एकेक टप्पा सरकवत १०४.० आणा. आला तर पुढचं बोला. खोक्यावरच्या ८७.५–१०८ वर जाऊ नका, अमेरिकी सेटवरही तेच छापलेलं असतं.