मदत हवी आहे: बायबलवर्क्समधली टिपणं दुसरीकडे कशी न्यायची?

नमस्कार मंडळी. माझे बाबा चर्चमध्ये पाळक (धर्मगुरू) आहेत. १९९२ पासूनचं बायबलवर्क्स हे बायबल-अभ्यासाचं सॉफ्टवेअर २०१८ मध्ये बंद झालं, तरी बाबांचा अभ्यास अजून त्यावरच चालतो. हिब्रू शब्द टाकला की जुन्या करारातली त्याची सगळी वचनं समोर येतात, हे त्यांना फार मोलाचं वाटतं. आता त्यांचा कॉम्प्युटर अखेरच्या घटका मोजतोय. नव्यावर लोगोस किंवा मोफत मिळणारं ई-स्वोर्ड, यांपैकी एक तसंच सॉफ्टवेअर घ्यायचा विचार आहे. अडचण टिपणांची. बायबलच्या नव्या करारातल्या एकट्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत, आणि प्रत्येक टिपण आपापल्या वचनाला जोडलेलंच राहायला हवं. कुणी असं स्थलांतर केलंय का? दोन्हींपैकी कशात सोपं जाईल? कृपया सांगा, बाबांची सगळी मेहनत त्यात आहे.