हॅवलॉकला राधानगर सोडून काही नाही? अजिबात पटलं नाही

खारीवारी:
परवा इथे एकाने अंदमानच्या हॅवलॉक बेटाबद्दल आणि तिथल्या राधानगर किनाऱ्याबद्दल लिहिलं होतं : "हॅवलॉकला मुक्काम म्हणजे पैशांचा चुराडा. सकाळच्या बोटीने जा, राधानगर बघा, दुपारच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला परत या. बाकीचे किनारे म्हणजे नुसते दगड आणि चिखल." खाली धन्यवाद देणाऱ्यांची रांग लागलेली बघून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पहिली गोष्ट, राधानगरला दुपारी जाऊन काय बघणार? तो किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्याची वेळ संध्याकाळची. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला, पण घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. परतीची बोट धरायची तर त्याच्या कितीतरी आधी वाळू झटकून जेट्टीकडे पळायचं. म्हणजे एवढा खर्च करून गेलात आणि जे बघायचं तेच राहिलं.

दुसरी, "दगड आणि चिखल". हे विजयनगरबद्दल, म्हणजे ५ नंबरच्या किनाऱ्याबद्दल लिहिलंय हे उघड आहे. तो पूर्वेचा किनारा, समोर उथळ प्रवाळाचा कट्टा. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की डुंग्या, म्हणजे तिथल्या लहान होड्या, वाळूवर एका कुशीवर कलंडून पडलेल्या असतात, मधल्या डबक्यांमध्ये खेकड्यांची धावपळ चाललेली असते. पोहायला गेलेला माणूस वैतागणारच. पण तेच ठिकाण पूर्ण भरतीला बघा. किनाऱ्यावरच्या समुद्री मोहाच्या आडव्या फांद्यांखाली पाणी येतं, छातीपर्यंत खोल, लाट जवळपास नाहीच. पोहायला नवशिक्या असलेल्याला राधानगरच्या लाटांपेक्षा हे पाणी शंभर पटींनी बरं.

काळापत्थर सकाळचा, राधानगर संध्याकाळचा, विजयनगर भरतीचा. किनारा नावावरून निवडायचा नसतो, वेळेवरून निवडायचा असतो. आणि त्यासाठी निदान दोन रात्री तिथे राहावंच लागतं.

दोन_पिल्लं:
ताई, तुम्ही बहुतेक एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर गेला असाल. मी सासू-सासरे आणि दोन लहान मुलं घेऊन गेले होते. भरतीचं कोष्टक बघून सहा माणसांची आंघोळ, नाश्ता, औषधं बसवून दाखवा, मग बोलू.

विजयनगरला आमच्या रिसॉर्टसमोरच मुलगी पाण्यात गेली आणि मेलेल्या प्रवाळावर पाय कापून आली. पुढचा सगळा मुक्काम ती खोलीत. एलिफंट बीचला बोटीतून उतरताना सासऱ्यांना गुडघाभर पाण्यात उडी मारावी लागली, त्यांचे गुडघे आधीच दुखरे. याउलट राधानगरला सपाट मऊ वाळू, कपडे बदलायला खोल्या, स्वच्छतागृह, जीवरक्षक, पोहण्यासाठी आखलेला भाग. २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ-सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालं ते उगाच नाही. कुटुंबाला घेऊन जाणाऱ्याने राधानगर एके राधानगर करावं, हेच माझं मत.

शिट्टीवाला:
दोन_पिल्लं ताईंशी सहमत, पण एक भर. जीवरक्षक शिट्ट्या मारून दमतात आणि आपली माणसं हसत हसत आणखी आत जातात. राधानगरच्या बाजूलाच नील्स कोव्ह आहे, शांत निळं पाणी बघून सगळे तिकडे वळतात. २०१० साली तिथेच एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीने जीव घेतला. खाऱ्या पाण्यातली मगर, समुद्रात आरामात पोहणारी. मगरीच्या पाट्या लावलेल्या आहेत. त्यांच्याखाली उभं राहून फोटो काढणारे मी पाहिलेत. आखून दिलेल्या भागातच पोहा, अंधार पडायला लागला की बाहेर या.

मालवणी_गजाल:
माका एक कळना नाय. एवढा विमानाचा भाडा भरून, चेन्नई नायतर कलकत्त्याक विमान बदलून जायचा कशाक? आमची तारकर्ली काय वायट हा? देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ल्याचो सागरेश्वर. पाच किनारे पाच तऱ्हेचे, खायला ताजी मासळी, आणि बोलायला आपली माणसं. स्कुबा पण आहे. अंदमानाच्या नावाने उसासे टाकणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पाठीमागचं पाणी पाहिलेलं नसतं.

खारीवारी:
गजालभाऊ, तारकर्ली मलाही आवडते, पण दोन्हीकडचं पाणी सारखं कसं असेल? आपल्याकडे प्रत्येक खाडी पावसाळ्यात सह्याद्रीची माती समुद्रात आणून ओतते. तारकर्ली-देवबाग तर कर्ली नदीच्या मुखावरच. हॅवलॉकला मोठी नदीच नाही, आणि वाळू बरीचशी प्रवाळ-शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणून पांढरी. पांढऱ्या तळावर ऊन पडलं की तो रंग येतो. आपल्याकडे तो येणार नाही, त्यात कोकणाचा काही दोष नाही.

मालवणी_गजाल:
दोष नाही म्हणता आणि माती ओततो पण म्हणता! डिसेंबर-जानेवारीत या, मग सांगा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, ते काय मातीत काढलं सरकारने? प्रवाळ आहे म्हणूनच काढलं ना?

निळाई:
मी दोन्हीकडे डाइव्ह केलंय. मालवणला प्रवाळ आहे, मासे पण चांगले दिसतात. पण तळ ढवळला गेला की हाताच्या अंतरावरचं दिसत नाही, आणि गर्दीच्या दिवसांत तो ढवळलेलाच असतो. एकेका नवशिक्याला पाण्यात धरून, पाव खायला आलेल्या माशांबरोबर व्हिडिओ काढून, दहा-पंधरा मिनिटांत वर. त्याला मी समुद्र बघणं म्हणत नाही.

मालवणी_गजाल:
पाव घालतात ते पर्यटकांनाच पाहिजे असतं म्हणून. आमच्या पोरांनी मासेमारी कमी झाल्यावर बोटी या धंद्याला लावल्या, बाहेरचे ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडून नेतात तेव्हा तुम्ही कोणी धागा काढत नाही. चुलतभावाची होडी आहे, घर त्यावर चालतं. पुण्या-मुंबईची माणसं येतात, बाटल्या टाकून जातात, वर आम्हालाच शिकवतात. आणि नंतर अंदमानला जाऊन तिथे मात्र निमूट नियम पाळतात. इथे का पाळत नाहीत?

सरळमार्गी_पुणे:
कारण तिथे नियम लावणारा कोणीतरी आहे! मालवणला एका होडीत किती माणसं कोंबली होती ते मी स्वतः पाहिलंय. अर्ध्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. विचारलं तर "काय होत नाय, बसा." माझा मुलगा होता बरोबर, मी उतरून परत आलो. पुन्हा जाणार नाही.

मालवणी_गजाल:
नका येऊ. तुमच्यावाचून जेट्टी अडलेली नाही. एका होडीवरून अख्ख्या तालुक्याला नाव ठेवणारी माणसं आम्हालाही नकोत.

निळाई:
अहो, भांडण कुठे चाललंय? जॅकेटचा मुद्दा बरोबर आहे आणि ट्रॉलरचाही बरोबर आहे. पण हॅवलॉकला सगळे शिस्तीत असतात हे मात्र खोटं. एलिफंट बीचवर सकाळी दहानंतर जाऊन बघा. रबरी ट्यूबला धरून तरंगणाऱ्या पर्यटकांच्या माळा, प्रवाळावर पाय रोवून उभे राहिलेले लोक, शेजारी जेट स्की. तिथल्या प्रवाळाने २००४ ची त्सुनामी सोसली, २०१० मध्ये पाणी तापून पांढरं पडलं, आता आपले पाय सोसतंय. मगाशी कोणी म्हणालं की किनारा वेळेवरून निवडा. एलिफंट बीचला तर पहिल्या बोटीने जा, नाहीतर जाऊच नका. खरोखर प्रवाळ बघायचं असेल तर प्रशिक्षित माणसाबरोबर नेमो रीफवर उतरा.

दोन_पिल्लं:
एलिफंट बीचबद्दल निळाईंचं शंभर टक्के बरोबर. म्हणजे माझंच बरोबर, की राधानगरच बरं!

खारीवारी:
नाही ना. तुमच्या सासऱ्यांना एलिफंट बीचला न्यायचंच नव्हतं. काळापत्थरला न्यायचं होतं. रस्ता समुद्राला लागून जातो, गाडीतून उतरून चार पावलांवर वाळू, बसायला सावली. सकाळी लवकर गेलात की पूर्वेच्या उन्हात ते काळे खडक, पांढरी वाळू आणि हिरवट पाणी एकदम समोर. तिथे पोहायचं नाहीच, बसायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हॅवलॉकवर याच्याइतका सोयीचा किनारा नाही, आणि सकाळची बोट धरून येणाऱ्याला तो त्या उन्हात कधीच दिसत नाही. मुलीच्या पायाचं वाईट वाटलं. विजयनगरला पायात रबरी बूट घालूनच उतरायचं, आणि ओहोटीला उतरायचंच नाही. हे तुमच्या रिसॉर्टवाल्यांनी सांगायला हवं होतं, त्यांनी सांगितलं नाही याचा राग किनाऱ्यावर काढू नका.

दोन_पिल्लं:
काळापत्थरचं कबूल. आमच्या टूरवाल्याने तिथे नेलं ते भर दुपारी, फोटो काढायला वीस मिनिटं, त्यामुळे सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. पण दोन रात्री राहूनही आम्हाला हे मिळालं नाही, म्हणजे प्रश्न रात्रींचा नाही, कार्यक्रम आखणाऱ्याचा आहे. तेवढं तुम्हीही कबूल करा.

सरळमार्गी_पुणे:
टूरवाले सगळीकडे सारखेच. आम्ही मुळात गेलो ते सेल्युलर जेलसाठी. सावरकरांनी १९११ ते १९२१ जिथे काढली ती कोठडी वडिलांना दाखवायची होती. तिथे ते बराच वेळ उभे होते, आणि टूरवाला "समुद्र राहील, चला" म्हणून घाई करत होता. आम्हाला समुद्र एक दिवस कमी चालला असता. हॅवलॉकला दोन रात्री राहा म्हणणाऱ्यांनी हाही विचार करावा, सगळे पोहायला जात नाहीत.

खारीवारी:
जेलला वेळ द्यायलाच हवा, यात दुमत नाही. तो पोर्ट ब्लेअरचा दिवस वेगळा धरा. उलट हॅवलॉकहून परतीच्या दिवशीच विमान ठेवू नका, हवा बिघडली तर बोटी रद्द होतात. मधे एक रात्र ठेवली की जेल शांतपणे होतो.

मालवणी_गजाल:
भरतीच्या गोष्टी चालल्यात म्हणून सांगतो. त्यासाठी मोबाइल कशाला लागतो? तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. माझी आजी असंच सांगायची आणि ते चुकायचं नाही.

निळाई:
गजालभाऊ, हे कोकणासाठी अचूक, पण अंदमानात चालत नाही. तिथे भरती आपल्यापेक्षा लवकर येते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे, एवढं मात्र तिथेही खरं. तिथल्या वेळेसाठी पोर्ट ब्लेअरचं कोष्टकच बघावं लागतं. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर दुपारी विजयनगर कोरडं असतं, सकाळी पोहून घ्यायचं.

मालवणी_गजाल:
बरं. बायको गेली कित्येक वर्षं अंदमान अंदमान करते आहे, त्यामुळे कधी ना कधी जावंच लागणार. काळापत्थर आणि राधानगर लिहून ठेवलंय. पण पाणी तारकर्लीपेक्षा सरस निघालं तरच तसं लिहीन, आणि तुम्ही सगळ्यांनी त्याआधी एकदा जानेवारीत निवतीला यायचं. होडीत जॅकेट मी स्वतः मोजून देतो, पुणेकरांनाही.

सरळमार्गी_पुणे:
जॅकेट असतील तर येतो. पण मुलाला घालून बघितल्याशिवाय होडीत पाय ठेवणार नाही.