अकरा हजार फोटो, त्यातले अडीच हजार 'इतर'मध्ये

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचायला येते, आज गाऱ्हाणं घेऊन आले आहे.

सांगलीत गावभागात आमचा फोटो स्टुडिओ होता. आजोबांनी १९४६ मध्ये काढला, बाबांनी २००९ पर्यंत चालवला. २०१९ च्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी. निगेटिव्हचे डबे माळ्यावर होते म्हणून वाचले. नोंदवह्या खालच्या कपाटात होत्या, त्यातल्या दोन वह्यांची पानं चिकटून अक्षरशः वीट झाली आहे. त्या धसक्याने मी आणि धाकट्या भावाने तीन वर्षं रविवारचे रविवार घालवून स्कॅनिंग केलं. ११,२०० फोटो झाले. आता ते वेबसाइटवर टाकायचेत. कुणालाही आपलं गाव, आपली शाळा, आपली नदी शोधता यावी एवढीच इच्छा.

घोडं अडलंय ते वर्गवारीपाशी. आम्ही उत्साहात फोल्डर केले: लग्न, मुंज, शाळा-कॉलेज, गणपती, नदी-घाट, पूर, बाजार, नाटक, पुढारी, इमारती, पासपोर्ट. पहिले पाचशे फोटो मजेत लागले. मग आला ४४१७ नंबरचा. हरिपूरला हळदीच्या पेवाच्या (जमिनीखालच्या कोठाराच्या) तोंडाशी एक माणूस उभा आहे. कमरेला दोर, हातात कंदील (आत माणूस उतरण्याआधी कंदील सोडून हवा बघतात), पाय गुडघ्यापर्यंत पिवळे असणार, पण फोटो कृष्णधवल. मागच्या भिंतीवर चुन्याने काढलेली बैलजोडी आणि अर्धवट पुसलेलं 'मत द्या'. आता हा बाजार, शेती, हरिपूर की निवडणूक? भावाने चारही ठिकाणी कॉपी टाकली. असं करत करत हार्ड डिस्कवर १७,००० फायली झाल्या. एका कॉपीत मी नाव दुरुस्त केलं, दुसरीत त्याने साल बदललं, आणि आता खरी कोणती ते दोघांनाही सांगता येत नाही. यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

दुसरं, आजोबांच्या वह्यांत पत्ता कुठे 'सांगली संस्थान', कुठे 'द. सातारा', कुठे नुसतं 'सांगली' आहे. गावाचं नाव त्यांनी लिहिलंय तसं ठेवू की आजचं लिहू?

आणि तिसरं म्हणजे 'इतर'. त्यात २,४८० फोटो आहेत. सगळ्यात मोठा फोल्डर तोच. काय करू?

दाखल_नोंद

३१ वर्षं ग्रंथपाल होतो, त्यामुळे थोडं रागावून लिहितो, मनावर घेऊ नका.

आधी कॉपी करणं थांबवा. आजच. फोटो एकदाच, एकाच जागी, आणि फाइलचं नाव म्हणजे निगेटिव्हच्या पाकिटावरचा नंबर. त्यात 'हळद', 'पेव', 'सुंदर' असलं काही नको. नावं बदलतात, नंबर बदलत नाही. बाकी सगळं वेगळ्या तक्त्यात, एका फोटोला एक ओळ.

तुमच्याकडे नोंदवह्या आहेत हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, खरं घबाड तेच आहे. स्टुडिओने ज्या क्रमाने फोटो काढले तो क्रम मोडू नका. अभिलेखागारात हा पहिला नियम असतो, त्याचं कारण साधं आहे. वैशाखातल्या एका लग्नाचे बारा फोटो ओळीने असतील आणि सातव्यावर काही लिहिलेलं नसेल, तरी सहावा आणि आठवा त्याची साक्ष देतात. विषयवार फोल्डर केलेत की ती साक्ष गेली. विटा झालेल्या वह्या उलगडायला स्वतः सुरी लावू नका, कागदाचं जतन करणाऱ्या माणसाकडे न्या.

आता वर्गवारी. तुम्ही एका झाडाच्या फांद्या करताय, म्हणून पेववाला चार फांद्यांवर लोंबकळतोय. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकं लावायची द्विबिंदू वर्गीकरण ही पद्धत मांडली, त्यात यावरचा तोडगा आहे: वस्तूला एका खणात कोंबायचं नाही, तिला वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न विचारायचे. तुमच्यासाठी पाच प्रश्न पुरेत. कुठे? कधी? काय दिसतंय? कोणी काढला? आणि कशासाठी काढला? हा शेवटचा लोक विसरतात. तुमच्या यादीतच बघा, 'पूर' म्हणजे काय दिसतंय ते, 'पासपोर्ट' म्हणजे कशासाठी ते. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रांगेत उभी केलीत.

सालाबद्दल एकच. वहीत असेल तर 'वहीत' लिहा, तुमचा तर्क असेल तर 'अंदाज' लिहा आणि कशावरून तेही लिहा. अंदाजाला दोन वर्षांनी वस्तुस्थितीची कळा येते, हे मी फार पाहिलंय.

मिरजकर_बुवा

ताई, ग्रंथपालसाहेबांचं सगळं मान्य, पण जिल्ह्याचं मी सांगतो. संस्थानं १९४८ ला विलीन झाली, १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा निघाला, त्याचं १९६० ला सांगली झालं. म्हणजे आजोबांनी तिन्ही बरोबर लिहिलंय, त्या त्या वेळचं. आणि मिरज हे वेगळं संस्थान होतं बरं का, त्यातही थोरली पाती आणि धाकटी पाती. १९४७ चा मिरजेतला फोटो 'सांगली संस्थान'मध्ये घातलात तर आमचे आजोबा स्वर्गातून उठून येतील.

साल काढायच्या चार खुणा देतो, आमच्या घरचे आल्बम लावताना शिकलो. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का बघा, त्यात ४१६४१६ असा पिन असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच, पिनकोडच तेव्हा सुरू झाला. गाडीवर एमएच-१० दिसलं तर १९८९ च्या पुढचा. पाटीवर 'मुंबई राज्य' असेल तर पाटी १ मे १९६० च्या आधीची. कृष्णेवरचा आयर्विन पूल दिसला तर १९२९ च्या अलीकडचा, पण तुमचा स्टुडिओच ४६ चा, त्याचा उपयोग नाही.

बैलजोडीचं जरा जपून. ते चिन्ह काँग्रेसचं, पहिल्या निवडणुकीपासून १९६९ ला पक्ष फुटेपर्यंत. पण भिंतीवरचा चुना कुणी पुसायला जात नाही, पुढे दहा वर्षंसुद्धा राहतो. त्यामुळे पेववाल्याचा फोटो 'पहिल्या निवडणुकीच्या आधीचा नाही' एवढंच छातीठोक म्हणता येईल.

मिरजेचे किती आहेत तुमच्याकडे?

रिकामा_कप्पा

मी विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंच्या खुल्या साठ्यावर) जुन्या फोटोंना वर्ग लावते, त्यामुळे चुका सगळ्या करून झाल्यात. तिथला एक नियम उपयोगी पडेल: फोटोला सगळ्यात नेमका वर्ग द्यायचा, त्याच्या वरचा परत द्यायचा नाही. 'हळदीची पेवं' लावलं की 'शेतमाल' लावायचं नाही, कारण पेवं शेतमालाच्या पोटात आहेतच. नाहीतर 'सांगली' उघडल्यावर अकरा हजार फोटो अंगावर येतात आणि माणूस पळून जातो. उलटी चूकही होते. मी एकदा घाटांचे बावीस उपवर्ग केले, त्यातल्या चौदांत एकेकच फोटो होता. माझं हे टोपणनाव तेव्हाचं.

गावाच्या नावासाठी स्थळांची वेगळी यादी करा. एका स्थळाची एक नोंद, तिच्याखाली सगळी नावं सालांसकट. फोटोला ती नोंद जोडायची. वाचकाने 'द. सातारा' शोधलं काय किंवा 'सांगली' शोधलं काय, फोटो सापडतो. वहीतला मजकूर मात्र आहे तसा, चुकीसकट, वेगळ्या रकान्यात ठेवा.

आता एक नाजूक गोष्ट. जुन्या वह्यांत 'वडार बाई', 'पारधी' अशा नोंदी असणार. त्यांचे वर्ग करायचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले ते असेच, माणूस म्हणजे जातीचा नमुना. दगड फोडणारी बाई असेल तर 'दगडफोडीचं काम' असा वर्ग करा, आजोबांची नोंद मूळ मजकुराच्या रकान्यात राहू द्या. आणि पासपोर्टचे फोटो कृपा करून सगळ्यांसाठी खुले करू नका. त्यातली कितीतरी माणसं आज हयात आहेत, त्यांनी ते चेहरे रेशन ऑफिससाठी दिले होते, आपल्यासाठी नव्हे.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय कारण मधे खरंच काम केलं.

कॉपी सगळ्या उडवल्या (बॅकअप घेऊन, भाऊ वैतागला तरी). तक्ता केला. पासपोर्ट बंद ठेवलेत. चिकटलेल्या वह्या पुण्याला एका बाईंकडे दिल्यात, त्या म्हणाल्या घाई करू नका.

पण सांगायचं वेगळंच आहे. 'इतर'मध्ये म्हशींचे फोटो होते. एक म्हैस, शेजारी अवघडून उभा मालक, कधी त्याची बायको, मागे गोठा. आम्हाला वाटायचं, बाबांना जनावरांची हौस. 'कशासाठी काढला' हा रकाना भरायला १९७८ ची वही उघडली, तर प्रत्येक नंबरापुढे बाबांच्या अक्षरात 'सोसा. कर्ज'. म्हैस घ्यायला सोसायटीचं कर्ज काढलं की जनावरासोबत मालकाचा फोटो लागायचा. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मग, तुला काय वाटलं? एका म्हशीचे आठ रुपये. त्यातल्या एकीने कॅमेऱ्याचा स्टँड पाडला होता." असे १४२ निघाले. शिलाई मशीनचे ६० आहेत, तेही त्याच रांगेतले. पडक्या भिंतींचे आहेत, पुढे 'कोर्ट' लिहिलंय. 'इतर' आता सहाशेवर आलंय.

मिरजकर काका, मिरजेचे ३६० आहेत, सांगलीत घातलेले नाहीत, आजोबांना तसं कळवा. शिक्क्याची युक्ती मात्र चालली नाही, आमच्याकडे निगेटिव्हच आहेत, पाठीला शिक्का कुठला.

पेववाल्याची नोंदही सापडली. साल १९६२, हरिपूर. नावाच्या रकान्यात आजोबांनी एक आडवी रेघ ओढलीय, आणि पैशाच्या रकान्यात 'उधारी'.