वाटी, पळी आणि सोसायटीचा काटा

(ग्रुप: ‘दिवाळीआधी ५ किलो’. डोंबिवली पूर्व, नवरात्रातला रविवार)

देवस्थळी काकू, बी-२०३: नमस्कार. या आठवड्याचा तक्ता पाहिला. मी रोज १४०० कॅलरी लिहिते, मोजून. उतरलं किती? २०० ग्रॅम. आणि १९०० लिहिणारे कदमभाऊ पहिल्या नंबरवर. अभिनंदन. पण त्यांच्या तक्त्यात रोज ‘१ वाटी भात, १ वाटी आमटी, १ वाटी उसळ’ असतं. कुठली वाटी, ते एकदा कळू द्या.

कदम, बी-१०१: काकू, वाटी ती वाटी. स्टीलची 😂

सावंत अण्णा, ए-१०४: सोसायटीचा काटा कोणाकडे आहे?

देवस्थळी काकू, बी-२०३: मागच्या कोजागरीला तुमच्याकडे दूध प्यायला आलो होतो, तेव्हा पाहिली आहे मी ती वाटी. आमरसाची आहे ती. आमच्याकडे तेवढ्यात पाहुण्यांसकट सगळ्यांचं वरण होतं.

कदम, बी-१०१: लग्नात आलेला सेट आहे. सासुरवाडीचा अपमान करू नका.

निखिल, सी-४०१: काकू बरोबर बोलतायत. वाटी हे माप नाहीच. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. मी घरातल्या चार वाट्या मोजल्या. सगळ्यात लहान ११०, सगळ्यात मोठी २४०.

कदम, बी-१०१: काटा आहे कुठे मोजायला?

सावंत अण्णा, ए-१०४: तेच विचारतोय. काटा कोणाकडे आहे?

मोरे, सेक्रेटरी: सोसायटीचा काटा ८५० रुपयांना सभासदांच्या वर्गणीतून आणला आहे. नोंदवहीत शेवटची सही सावंतसाहेबांची आहे.

सावंत अण्णा, ए-१०४: मी परत केला. बिघडलेला होता म्हणून. पनीरचा अख्खा तुकडा ठेवला तरी साडेतीन ग्रॅम दाखवायचा.

निखिल, सी-४०१: अण्णा, तो औंसवर गेला असणार. साडेतीन औंस म्हणजे १०० ग्रॅम. मागे एक बटण असतं, ते दाबलं गेलं की एकक बदलतं.

देवस्थळी काकू, बी-२०३: म्हणजे अण्णांनी दोन आठवडे तक्त्यात पनीर साडेतीन ग्रॅम लिहिलं?

कदम, बी-१०१: तरीच अण्णा दुसऱ्या नंबरवर 😂😂

सावंत अण्णा, ए-१०४: यात हसण्यासारखं काही नाही. काट्यावर मराठीत लिहायला पाहिजे.

पिंगळे, सी-१०३: शुभ सकाळ 🙏 आज टँकर येणार आहे का?

मोरे, सेक्रेटरी: पाण्याचं पाण्याच्या ग्रुपवर.

रूपाली, सी-२०२: एक विचारू? मी रात्री १५० ग्रॅम भात मोजून घेते आणि ॲपमध्ये ‘तांदूळ’ निवडते. ५०० च्या वर येतं. मग भाजीच सोडते. चुकतंय का काही?

निखिल, सी-४०१: ताई, ते कच्च्या तांदळाचं आहे! कच्चा १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास, शिजलेला १०० ग्रॅमला साधारण १३०. तुझा भात २०० चा होता. उपाशी राहिलीस उगाच.

देवस्थळी काकू, बी-२०३: आणि काही जण नेमकं उलटं करतात. १०० ग्रॅम तांदूळ धुऊन लावायचे, त्याचा भात पावणेतीनशे ग्रॅम होतो, तो सगळा खायचा आणि लिहायचं १३०. नाव घेत नाही.

कदम, बी-१०१: बी-१०१ एवढंच लिहा ना सरळ.

रूपाली, सी-२०२: पण आमच्याकडे सहा जणांचा एकच कुकर लागतो. माझे तांदूळ वेगळे कसे मोजणार? आणि ताटातला भात काट्यावर ठेवला की सगळे बघत बसतात. पोळ्यांचं तर बोलायलाच नको, गोळा मोजायला गेले तर

रूपाली, सी-२०२: (हा मेसेज डिलीट करण्यात आला)

शोभा, सी-२०२: मी वाचला गं. मीपण आहे या ग्रुपवर. आमच्याकडे खाणाऱ्याच्या पोळ्या मोजत नाहीत. माझ्या सासूबाईंनी मोजल्या नाहीत, मी मोजल्या नाहीत. गोळे तराजूत घालायला हा काय सोनाराचा धंदा आहे?

देवस्थळी काकू, बी-२०३: शोभाताई, ती दुसऱ्याच्या कुठे मोजते आहे? स्वतःच्या मोजते आहे.

शोभा, सी-२०२: आमच्या घरातलं आम्ही बघू 🙏

निखिल, सी-४०१: कुकरचं सोपं आहे ताई. घरातलं रिकामं भांडं एकदाच मोजून ठेव, झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिही. भात झाला की भांड्यासकट मोज, वजा कर. समजा ३०० ग्रॅम तांदळाचा ८०० ग्रॅम भात झाला आणि तू २०० घेतलास, तर तुझे तांदूळ ७५ ग्रॅम. ताट मोजायला नको, पातेलं आधी आणि नंतर मोज. कोणाच्या लक्षातही येत नाही.

नाना करंदीकर, ए-२०१: आमच्या आईच्या वेळी दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. तांदूळ मापट्यानेच घ्यायची. वीस माणसं जेवायची, कोणी लठ्ठ नव्हतं.

कदम, बी-१०१: नाना, तुम्ही पंपावरून पाणी आणायचात. आम्ही लिफ्टने पहिल्या मजल्यावर जातो.

मोरे, सेक्रेटरी: पहिल्या मजल्यावरच्यांनी लिफ्ट वापरू नये अशी सूचना फेब्रुवारीतच लावली आहे.

कदम, बी-१०१: मोरेसाहेब, मेंटेनन्स पूर्ण भरतो मी.

सावंत अण्णा, ए-१०४: विषय भरकटतोय. काटा कोणाकडे आहे?

देवस्थळी काकू, बी-२०३: काटा मिळेल तेव्हा मिळेल. मी माझ्या २०० ग्रॅमचं कारण शोधून काढलं आहे. लिहिते, थोडं मोठं आहे. माझ्याकडे फोडणीची पळी आहे, ती मी तक्त्यात ‘१ चमचा तेल’ लिहायचे. चहाचा चमचा ५ मिलीचा, त्यात साडेचार ग्रॅम तेल, म्हणजे ४० कॅलरी. काल पळीत त्या चमच्याने पाणी ओतून पाहिलं. तीन चमचे मावलं. म्हणजे भाजीची एक फोडणी १२० ची, आमटीची वेगळी, पोळीच्या घडीतलं तेल मी लिहीतच नव्हते.

देवस्थळी काकू, बी-२०३: मग बँकेतल्या सवयीप्रमाणे मागून हिशोब केला. वाण्याची यादी काढली. आम्ही चौघं, महिन्याला ५ लिटर तेल. लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं असतं. ४५५० भागिले ३०, भागिले ४. माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या पुस्तिकेत २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. आणि मी तक्त्यात तेलाच्या लिहीत होते ८० कॅलरी.

निखिल, सी-४०१: काकू 🙏🙏 हा हिशोब पिन करा कोणीतरी.

कदम, बी-१०१: काकू, मग मला का बोलताय? चोर तुमच्याच डब्यात.

देवस्थळी काकू, बी-२०३: हो. माझा मी पकडला. तुमचा तुम्ही पकडा.

शोभा, सी-२०२: आमच्याकडे सहा जणांना ६ लिटर लागतं. ते जास्त म्हणायचं का?

देवस्थळी काकू, बी-२०३: माणशी ३० ग्रॅम येतं, ताई. आमच्यापेक्षा पुष्कळ बरं. पण तूप, लोणी वेगळं धरा.

शोभा, सी-२०२: अच्छा.

निखिल, सी-४०१: उपासवाल्यांनीही बघा. साबुदाणा ६० ग्रॅम, २१०. दाण्याचं कूट ३० ग्रॅम, १७० च्या आसपास. तूप दोन चमचे, ८० ते ९०. वर बटाटा. एका बशीला ५००. कूट ‘दोन चमचे’ लिहितात, पण चमच्यावर शिखर किती असतं ते कोणी लिहीत नाही.

पिंगळे, सी-१०३: म्हणजे नऊ दिवस उपास करून वजन वाढू शकतं? मला वाटलं काटाच खोटा आहे.

सावंत अण्णा, ए-१०४: कुठला काटा? कोणाकडे आहे?

पिंगळे, सी-१०३: माणसं मोजायचा हो अण्णा. घरचा.

तांबे वहिनी, ए-३०३: सॉरी, आत्ता मेसेज पाहिले. सकाळपासून कढईसमोर आहे. काटा माझ्याकडे आहे. फराळाच्या ऑर्डरी चालू आहेत, पाव किलोची पाकिटं भरायला घेतला होता. रात्री देते.

मोरे, सेक्रेटरी: वहिनी, आदर ठेवून सांगतो, सोसायटीच्या वस्तूचा व्यावसायिक वापर योग्य नाही. नोंदवहीत सहीदेखील नाही.

तांबे वहिनी, ए-३०३: चौकीदाराला सांगून नेला होता. शिवाय काट्याचे सेल संपले होते, नवे मी घातलेत. स्वतःच्या पैशाने. सेल उतरले की आकडा हलत राहतो, दोन आठवडे कोणी बघितलं नव्हतं.

सावंत अण्णा, ए-१०४: मी म्हटलं होतं बिघडला आहे.

देवस्थळी काकू, बी-२०३: मोरे, तुमच्या घरची चकलीची ऑर्डर कितीची आहे?

मोरे, सेक्रेटरी: तो वेगळा विषय आहे.

तांबे वहिनी, ए-३०३: दोन किलो. आणि शंकरपाळी एक.

शोभा, सी-२०२: तांबे वहिनी, रात्री काटा आमच्याकडे पाठवा. दोन दिवसांसाठी. रूपालीला कुकरचं भांडं मोजायचं आहे.

रूपाली, सी-२०२: 🙏

सावंत अण्णा, ए-१०४: आधी माझा नंबर होता.

मोरे, सेक्रेटरी: सही करूनच न्यावा. शोभाताई, मग सावंतसाहेब.

कदम, बी-१०१: वहिनी, माझा पातळ पोह्यांचा चिवडा लिहून घ्या. काटा नको. चार वाट्या, माझ्या वाटीने.