बालवाडीच्या छपरासाठी पैसे मागायचे, पण कुणाकडे?

पेठेतली_आई

साताऱ्याच्या जुन्या पेठेतली एक बालवाडी. महिला मंडळाची नोंदणीकृत विश्वस्त संस्था ती चालवते. ४५ मुलं, दोन बाई, एक मावशी. माझा मुलगा छोट्या गटात आहे. इमारत कौलारू, पश्चिमेकडचे वासे कुजलेत. गेल्या पावसाळ्यात मोठ्या गटाचा वर्ग बादल्या मांडून चालवावा लागला. मुलांच्या मापाचं संडासाचं भांडंही नाही. दोन्ही कामांचा अंदाज सव्वातीन लाखांचा आलाय आणि ती मेअखेर व्हायलाच हवीत. एकदा पाऊस धरला की इथं कौलाला हात लावता येत नाही.

समितीचा बेत असा: स्नेहसंमेलनाची ५० रुपयांची कूपनं छापायची, २० कूपनांचं एक पुस्तक करायचं आणि ते प्रत्येक मुलाच्या दप्तरातून घरी पाठवायचं. कूपनांवर लकी ड्रॉ, पहिलं बक्षीस मिक्सर. त्याच दिवशी आयांचा आनंद बाजार.

माझा कूपनांना ठाम विरोध आहे. आधी हिशेब बघा. ४५ पुस्तकं, प्रत्येकी हजार रुपये. एकूण एक कूपन खपलं तरी ४५ हजार. त्यातून छपाई, मांडव, स्पीकर आणि मिक्सर वजा करा. छपराची एक बाजूही होत नाही.

दुसरं म्हणजे मूल. साडेतीन वर्षांच्या पोराला कूपन म्हणजे काय ते कळत नाही, पण "तुझं पुस्तक अजून आलं नाही का रे?" यातला सूर बरोबर कळतो. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या आयांची मुलं आहेत, रिक्षावाल्यांची आहेत. ती आई पुस्तक कुणाला विकणार? जिथं कामाला जाते तिथंच हात पसरणार, नाहीतर स्वतःच घेऊन टाकणार.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की छप्पर वीस-पंचवीस वर्षं टिकणार आहे, मूल इथं दोन-तीन वर्षं असतं. मग सगळा भार यंदाच्या ४५ घरांवर का? या बालवाडीतून पेठेच्या तीन पिढ्या गेल्यात. मागायचं तर पेठेकडे आणि जुन्या विद्यार्थ्यांकडे मागावं, आणि समितीतल्या मोठ्या माणसांनी स्वतः जाऊन मागावं. हे गाव कर्मवीरांचं आहे. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग निघालं, आणि ते चालावं म्हणून घराघरांतून मुष्टिफंड गोळा झाला. दळणाच्या धान्यातली एक मूठ बाजूला. ज्याची जेवढी मूठ तेवढं त्याचं देणं.

माझ्या डोक्यात एक गोष्ट संक्रांतीची आहे. हळदीकुंकवाला एकेक बाई चाळीसजणींना तीस रुपयांचं वाण देते, म्हणजे बाराशे रुपये झाले. प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, आरसे. निम्म्या वस्तू पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे तरी जातात. पेठेतल्या पन्नास घरांनी यंदा ते बाराशे बालवाडीला दिले तर ६० हजार होतात आणि कुणाच्या खिशाला जादा भार नाही. तुम्हाला काय वाटतं?

खजिनदार_काका

एका संस्थेचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळलेत, म्हणून स्पष्ट लिहितो. नुसतं "छपरासाठी द्या" म्हणून दारात गेलं की लोक पाणी देतात, चहा देतात आणि "बघू" म्हणतात. माणसाला निमित्त लागतं. कूपन हे ते निमित्त. संमेलन आहे म्हटलं की स्मरणिका काढता येते आणि खरा पैसा स्मरणिकेच्या जाहिरातींत असतो. मोती चौकातला दुकानदार देणगी देणार नाही, पण अर्ध्या पानाची जाहिरात देईल, कारण ती त्याला त्याच्या वहीत खर्च म्हणून दाखवता येते. तुम्ही ४५ हजारांचा हिशेब केलात, स्मरणिकेचा केलाच नाहीत.

मुष्टिफंडाचं म्हणाल, तर तिथं बहुजनांच्या पोरांच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न होता, म्हणून गावानं मूठ सोडली. आपल्या बालवाडीत चारचाकीतून उतरणारी मुलंही आहेत. त्या इतिहासाचा आधार इथं लागू पडत नाही.

हिशेबनीस

वाद चालू द्या, पण कायद्याचं आधी बघा. पैसे घेऊन तिकीट विकायचं आणि सोडत काढून बक्षीस द्यायचं, ही खासगी लॉटरी होते. पूर्वी भारतीय दंडविधानाचं कलम २९४ अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९७. गल्लोगल्ली चालतं म्हणून शाळेनं करू नये. मिक्सर रद्द करा.

दुसरं, पैसे संस्थेच्याच खात्यात आणि संस्थेच्याच पावतीवर घ्या. बाईंच्या मोबाइलचा क्यूआर कोड भिंतीवर लावू नका, त्यांची कितीही सचोटी असली तरी. पालकांनी स्वतंत्र "पालक निधी" काढून वर्गणी जमवायची म्हटली, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जावं लागेल. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच परवानगी. त्यापेक्षा संस्थेमार्फतच करा.

८० जी चं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, आमिष दाखवताना जपून. संस्थेकडे ती नोंदणी असली तरी दोन हजारांच्या वरच्या रोख देणगीला सूट नाही, आणि देणाऱ्यानं नवी करप्रणाली घेतली असेल तर त्याला सूटच मिळत नाही. आधी खोटी आशा लावली की पुढच्या वर्षी तो माणूस दार उघडत नाही.

माहुलीकर

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी काढून ठेवायचा पैसा, का नाही मागत? एमआयडीसी जवळच आहे.

हिशेबनीस

@माहुलीकर, कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ही जबाबदारी ५०० कोटी नक्त मालमत्ता, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यांपैकी काहीतरी असलेल्या कंपनीवर येते. घेणाऱ्या संस्थेलाही १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी लागते. ती करून ठेवा, उपयोग होईल. पण मेअखेरच्या छपराला तो पैसा पोचणार नाही.

घरचं_तेल

आनंद बाजाराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी दुसऱ्या बालवाडीत होती, तिथं दरवर्षी व्हायचा. आयांनी घरचं तेल, घरची डाळ, घरचा गॅस घालून आदल्या रात्री एकपर्यंत जागून पदार्थ करायचे, स्टॉलवर उभं राहायचं आणि दिवसअखेर गल्ल्यात पडलेली सगळी रक्कम "नफा" म्हणून माइकवर सांगायची. घातलेल्या मालाची नोंद कुठंच नाही. मी हजाराचं सामान घालून बाराशेची विक्री केली, तर संस्थेला बाराशे मिळाले असं दिसतं. खरं म्हणजे हजार मी दिले आणि दोनशे गिऱ्हाइकानं. त्यात नोकरी करणाऱ्या आईनं रजा टाकायची. बाबालोक फोटो काढायला येतात.

बाजार मुलांसाठी करा. चार भाज्या, दोन तराजू, सुटे पैसे, मुलांना मोजायला शिकवा, खूप चांगली गोष्ट आहे. छपराचा पैसा त्यातून काढू नका.

फी_वाढवा

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. महिना ५०० रुपये फी वाढवा. ४५ मुलं, दहा महिने, सव्वादोन लाख. दोन-तृतीयांशहून जास्त काम तिथंच झालं. कुणापुढं हात पसरणं नाही, कुणाचे उपकार नाहीत, भिंतीवर कुणाच्या नावाची पाटी नाही. ज्यांना झेपत नाही त्यांना सवलत द्या. सेवा घेतो त्यानं मोल द्यावं, यात कमीपणा काय?

पेठेतली_आई

>>ज्यांना झेपत नाही त्यांना सवलत द्या<<

सवलत मागायला आई ऑफिसात येतच नाही. ती मुलाला घरी ठेवते आणि "गावाला नेलंय" म्हणून सांगते. आमच्याकडे हे घडलेलं आहे. शिवाय दहा महिन्यांनी सव्वादोन लाख जमतील तोवर एक पावसाळा होऊन गेलेला असेल. आणि माझा मूळ मुद्दा फीलाही लागू आहे. पंचवीस वर्षांच्या छपराचे पैसे दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या पाहुण्याकडून घ्यायचे का?

काका, स्मरणिकेला माझा विरोध नाही. जाहिराती मागायला समिती जाणार, मूल नाही. माझा आक्षेप दप्तरातून जाणाऱ्या पुस्तकाला आहे. मुष्टिफंडाचं मात्र मी सोडणार नाही. चारचाकीतून उतरणारा बाप हजार देईल, भाजीवाली आजी वीस देईल, आणि दोघांच्या पावत्या सारख्याच कागदावर फाटतील. त्या कल्पनेचा गाभा मला तरी हाच वाटतो.

अंगणवाडीची_बाई

मी तालुक्यातल्या एका गावात सेविका आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून सहा वर्षांच्या आतली मुलं आम्ही सांभाळतोय. वजन-उंची, आहार, ॲपवरच्या नोंदी, गरोदर बायकांच्या भेटी, आणि त्यात पूर्वप्राथमिक शिक्षण. आमचंही छप्पर गळतं. आम्हालाही "लोकसहभागातून करा" असंच सांगतात. शहरातल्या बालवाडीसाठी स्मरणिका, क्यूआर कोड, माजी विद्यार्थी, सगळं निघतं. अंगणवाडीसाठी साधी सतरंजी मागितली तर लोक म्हणतात, ती सरकारी आहे, सरकार देईल. मुलं दोन्हीकडची तीन-चार वर्षांचीच ना?

माझं म्हणणं एवढंच की पेठेतून गोळा कराल, तेव्हा पेठेतल्या अंगणवाडीचाही वाटा धरा.

आणि सामानावर खर्च करू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी काढली, पुढं अनुताई वाघ कोसबाडला त्याच मार्गानं गेल्या. त्यांनी शंख, शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलांना शिकवलं. माझ्याकडे चिंचोके, गजगे आणि बांगड्यांचे तुकडे आहेत. मोजणी, जोड्या, नक्षी, सगळं होतं.

खजिनदार_काका

चिंचोक्यांवर मोजणी होते, बाई, वासे बदलता येत नाहीत. खर्च सामानाचा नाहीच, लाकूड, कौलं आणि मजुरीचा आहे. आणि वाटा धरायचा म्हणाल, तर छपराच्या नावानं घेतलेली देणगी दुसरीकडे वळवता येत नाही. देणाऱ्यानं ज्यासाठी दिलं त्यालाच ती लागली पाहिजे.

अंगणवाडीची_बाई

मग मागतानाच दोन्ही नावं सांगा. पावतीवर दोन रकाने करायला कितीशी शाई लागते? बाकीची दारं मला बंद आहेत, म्हणून इथं लिहिलं.

कृष्णाकाठ

संक्रांतीच्या वाणाची कल्पना सगळ्यांना आवडेल, पण मला खटकते. हळदीकुंकवाला कुणाला बोलावत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. तुमच्या ४५ मुलांत एखाद्याची आई विधवा असेल, एखादीनं नवरा सोडलेला असेल, दोन-चार घरं मुसलमान असतील. बालवाडीचा निधी ज्या समारंभातून उभा राहतो, तिथं त्या मुलाच्या आईला जागा नाही, हे चालेल? छप्पर सगळ्यांच्या डोक्यावर येणार आहे. याच जिल्ह्यातल्या नायगावात सावित्रीबाई फुले जन्मल्या, ३ जानेवारी १८३१ ला. संक्रांतीच्या दहा-बारा दिवस आधी त्यांची जयंती येते. निमित्तच हवं असेल तर ते घ्या.

पेठेतली_आई

@कृष्णाकाठ, हे मनापासून पटलं. वाणाचे पैसे हा मुद्दा मी ठेवणार, कारण तो खर्च घरोघर होतोच. पण कार्यक्रम तिळगुळाचा करू, बालवाडीच्या अंगणात, सगळ्या आया, आज्या, बाबा, शेजारी. कुंकवाची कोयरी नाही. ३ जानेवारीला आवाहनाचं पत्र काढायचं आणि संक्रांतीनंतरच्या रविवारी मेळावा, असं समितीपुढं मांडते.

सातारी_पुण्यात

मी बहुधा याच बालवाडीत होतो. मागं बुचाचं झाड आणि लोखंडी घसरगुंडी असेल तर नक्कीच. इतक्या वर्षांत कुणी कधी काही मागितलं नाही. आमच्या बॅचचे निम्मे लोक पुणे-मुंबईला आहेत, दिवाळीला गावी येतो, कंदी पेढे घेऊन परत जातो. एक साधं पत्र, वाशांचे दोन फोटो आणि संस्थेचा खाते क्रमांक पाठवा. आमच्या वर्गाचा ग्रुप आहे, मी टाकतो. पाटी नको, नावं नकोत. फक्त काम झाल्यावर हिशेब पाठवा. एका ठिकाणी दिले होते, पुढं काय झालं ते कधी कळलंच नाही. तेव्हापासून मी नुसत्या आवाहनावर देत नाही.

हिशेबनीस

हे शेवटचं वाक्य समितीला मोठ्या अक्षरांत दाखवा. फळ्यावर दर शनिवारी तीन आकडे लिहायचे: जमा, खर्च, शिल्लक. येणारा-जाणारा पालक वाचेल. आणि सुताराशी बोलून कामाचे तुकडे पाडा. एक वासा किती रुपयांचा, शंभर कौलं कितीची, भांडं कितीचं. "सव्वातीन लाख" ऐकून माणूस गप्प होतो. "एक वासा तुमचा" म्हटलं की विचार करायला लागतो.

फी_वाढवा

छप्पर झालं, ठीक. दरवर्षी पावसाळ्याआधी फुटकी कौलं बदलायला, पन्हळ साफ करायला पैसे लागणार. त्यासाठी पुन्हा पुण्याला पत्र पाठवणार का? वासे कुजले ते एका वर्षात नाही कुजले. देखभालीला पैसा बाजूला ठेवला नाही म्हणून ही पाळी आली. तो पैसा फीतूनच आला पाहिजे, माझं मत कायम आहे.

पेठेतली_आई

देखभालीचं मान्य. दरवर्षीची डागडुजी त्या वर्षीच्या मुलांच्या फीतून व्हावी, त्यात अन्याय नाही. नव्या छपराचा भार मात्र नको.

काका, बालवाडीच्या कपाटात जुने हजेरीपट आहेत, काही तर शाईच्या टाकानं लिहिलेले. त्यातून नावं काढून पत्ते शोधायचे तर पेठेत कोण कुठं गेलं ते माहीत असलेलं माणूस हवं. याल का?

खजिनदार_काका

येतो. पत्राचा मसुदाही करतो. पण स्मरणिका मी सोडणार नाही, हे समितीला आधीच सांगून ठेवा. कूपनं काढलीच तर ती संमेलनाच्या दारात टेबलावर ठेवू, दप्तरात नाही. आणि सोडत नाही.