पीसी मध्येच आपोआप रीस्टार्ट होतो – मदरबोर्ड बदलू का?

घाटावरचा:
घरचा पीसी आहे. रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, ८+८ जीबी रॅम (३२०० वर, एक्सएमपी म्हणजे रॅमचा वाढीव वेग चालू), जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीचा एसएसडी. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, त्यावर ५०० वॅट लिहिलंय. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, साधारण चार वर्षं जुना.

स्क्रीन अचानक काळी होते आणि दोन सेकंदांत पीसी पुन्हा पहिल्यापासून सुरू. निळा पडदा नाही, एरर नाही, काही नाही. गेम खेळताना जास्त होतं, पण नुसता व्हिडिओ चालू असताना किंवा काहीच चालू नसतानाही झालंय. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दर वेळी 'कर्नल-पॉवर ४१'. विंडोज ११ फॉरमॅट मारून नव्याने टाकलं, फरक शून्य. प्रोसेसरचं तापमान गेममध्ये ७५ च्या आसपास. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. बदलू का?

निळा_पडदा:
थांबा, इतक्यात काहीच बदलू नका. '४१' पाहून पार्ट बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

४१ हा निव्वळ पंचनामा आहे. मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो, आणि तेही पुढच्या वेळी चालू झाल्यावर. कारण त्याला माहीतच नसतं. पण त्याच नोंदीच्या पोटात कामाची माहिती असते. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. ४१ ची नोंद उघडा, 'डिटेल्स' टॅबवर जा आणि 'बगचेककोड'समोरचा आकडा बघा.

० असेल तर विंडोज कोसळलेलं नाही, त्याच्या पायाखालची वीजच गेली किंवा हार्डवेअरने थेट रीसेट मारला. काही लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही. आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा कोड आहे, दशमान पद्धतीत लिहिलेला. २७८ म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, २९२ म्हणजे प्रोसेसरने कळवलेली हार्डवेअरची चूक, २६ बहुधा रॅम, १२२ डिस्क किंवा तिची केबल. तिथेच 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' शून्य नसेल तर कोणीतरी बटण दाबून धरून पीसी बंद केलाय. घरात लहान मूल असेल तर हेही बघा, थट्टा नाही.

निळा पडदा येऊनही दिसत नाही असं पुष्कळदा होतं, कारण विंडोज मुळातच लगेच रीस्टार्ट करायला सेट केलेलं असतं. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज'. तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'वरची खूण काढा. यापुढे निळा पडदा आला तर तो टिकून राहील.

त्याच यादीत ४१ च्या मिनिटभर आधीच्या नोंदीही वाचा. १०७४ दिसला तर रीस्टार्ट कोणत्या तरी प्रोग्रामने, बहुतेक वेळा विंडोज अपडेटने, सांगून केलाय. 'डब्ल्यूएचईए-लॉगर १८' (हार्डवेअरच्या चुकीची नोंद) दिसला तर मात्र गोष्ट प्रोसेसर, रॅम आणि बायोसकडे (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जकडे) वळते.

सोल्डरगन:
वरचं सगळं बरोबर, पण माझे पैसे एसएमपीएसवर. कॅबिनेटसोबत 'फुकट' येणाऱ्या एसएमपीएसवरचा ५०० हा आकडा शोभेचा असतो. कॅबिनेटची बाजू उघडा, स्टिकरवरचा तक्ता वाचा आणि फक्त +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते इथे टाका. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर कितीही अँपिअर दाखवून बेरीज ५०० केली तरी त्याचा उपयोग नाही.

तुमचा हिशेब असा: ३६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी तो ८८ वॅटपर्यंत जातो, मदरबोर्डवरच्या सर्किटचा तोटा धरून १००. १६६० सुपर १२५. पंखे वगैरे १५. म्हणजे १२ व्होल्टवर साधारण २४० वॅट, २० अँपिअर. ही झाली सरासरी. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी याच्या बरंच वर उसळी मारतं, आणि हलका एसएमपीएस नेमका तिथेच मान टाकतो. व्होल्टेज ढासळलं की एसएमपीएस मदरबोर्डला दिलेला 'पॉवर गुड' सिग्नल काढून घेतो, बोर्ड रीसेट होतो आणि काळी स्क्रीन.

पैसे न घालता करायची परीक्षा: एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम टाका (कार्ड कुठल्याही कंपनीचं चालतं), त्यात कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा, गेममध्ये फ्रेमरेट ६० ला बांधा आणि नेहमीसारखं खेळा. गेममधले रीस्टार्ट थांबले तर एसएमपीएसवरचा संशय जवळपास पक्का.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर मोजा, आधी नुसता डेस्कटॉप असताना, मग गेम चालू असताना. ११.४० ते १२.६० ही हद्द. लाल-काळी ४.७५ ते ५.२५. प्रोबची टोकं एकमेकांना लागू देऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, मल्टिमीटर संथ असतो, मिलिसेकंदाची बुडी त्यात दिसत नाही. आकडा वाईट आला तर एसएमपीएस वाईट, पण चांगला आला म्हणून तो सुटला असं नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका.

एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात.

वायरमन_काका:
गेममधले रीस्टार्ट एसएमपीएसचे असतील, मान्य. पण काहीच चालू नसताना होणाऱ्यांचं काय? तेव्हा तर लोड नगण्य असतो. आधी भिंतीपासून सुरुवात करा.

फ्रीजचा कॉम्प्रेसर, पाण्याची मोटर, मिक्सर सुरू होताना रीस्टार्ट होतो का, यावर लक्ष ठेवा. लाइट क्षणभर मंद होत असेल तर यूपीएस त्या वेळी बॅटरीवर उडी मारतो. बॅटरी चांगली असेल तर ही उडी थोड्या मिलिसेकंदांत होते आणि एसएमपीएस तेवढा वेळ स्वतःच्या साठ्यावर तग धरतो (चांगला १६-१७ मिलिसेकंद, सुमार त्याहून कमी). बॅटरी मेलेली असेल तर यूपीएस उडी मारतो आणि खाली काहीच नसतं. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीचं आयुष्य दोन-तीन वर्षं. तुमची चार वर्षांची आहे.

परीक्षा: सगळं सेव्ह करा, नुसता डेस्कटॉप राहू द्या आणि यूपीएसला जाणारं भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, त्याने अर्थिंगही तुटतं. पीसी निदान पाच मिनिटं चालला पाहिजे. त्याच क्षणी गेला तर उत्तर मिळालं.

पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर हवा. 'इको' किंवा 'नॉर्मल'वर बदल सावकाश होतो. पंख्याला तो कळत नाही, पीसीला कळतो.

पीसीच्या मागे लागणारी तीन पिनांची केबलही हलवून बघा. ढिली झालेली असते आणि कोणी तिकडे बघत नाही. एक्स्टेंशन बोर्डाला हात लावून बघा, गरम लागला तर आत काहीतरी ढिलं असू शकतं.

कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात का? तसं असेल तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे बॉडीवर मेन्सच्या निम्मे व्होल्ट येऊन बसतात. करंट किरकोळ असतो, पण अर्थिंग नसलेल्या घरात फिल्टर आणि सर्ज प्रोटेक्टर दोन्ही नावालाच. वायरमनकडून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही मोजून घ्या. पहिले दोन जवळपास सारखे, २३० च्या आसपास, आणि तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. मेन्समध्ये स्वतः प्रोब घालायची सवय नसेल तर घालू नका.

तारायंत्र:
काकांनी बिनलोडच्या रीस्टार्टचा मुद्दा काढला ते बरं झालं. रायझनवर याचं एक वेगळंच कारण असू शकतं. काम नसताना प्रोसेसर खोल झोपेत जातो, वीज इतकी कमी ओढतो की काही जुन्या धाटणीच्या एसएमपीएसना तेवढ्या कमी लोडवर व्होल्टेज सांभाळता येत नाही. त्यासाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असतं, ते 'टिपिकल करंट आयडल'वर ठेवा. बी४५० च्या बहुतेक बोर्डांवर ते अॅडव्हान्स्डमध्ये, एएमडी सीबीएसखाली सापडतं. खर्च शून्य, आयडलला दोन-चार वॅट जास्त जातील इतकंच.

बायोसमध्ये आहातच तर एक्सएमपी बंद करून चार दिवस रॅम मूळ वेगावर चालवा. रॅम खराब असली की बहुधा दर वेळी वेगळ्या कोडचा निळा पडदा येतो, प्रोग्राम आपोआप बंद पडतात. गुपचूप रीस्टार्ट हे तिचं नेहमीचं लक्षण नाही. तरी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घालून रात्रभर लावा. एकही एरर आली तर नापास. 'दोनच आल्या' असं नसतं.

रीसेटचं बटणही राहून जातं. कॅबिनेटच्या पुढच्या पॅनलवरून येणारी 'रीसेट एसडब्ल्यू' लिहिलेली दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून उपटून ठेवा. बटण आत अडकून सर्किट जोडलं गेलं तर हुबेहूब हेच लक्षण, आणि त्यावर मदरबोर्ड बदलूनही काही होत नाही.

तापमान मी सोडून देईन. ३६०० ची मर्यादा ९५ अंश आहे, तिथे तो आधी वेग कमी करतो. त्यापुढे गेलाच तर पीसी सहसा बंद होऊन बंदच राहतो, दोन सेकंदांत पुन्हा उठत नाही.

घाटावरचा:
सगळ्यांचे आभार. एकेक करून पाहिलं.

बगचेककोड सगळीकडे ०. डब्ल्यूएचईए नाही, १०७४ नाही. रीसेटची वायर काढली, फरक नाही. मेमटेस्ट रात्रभर, एरर नाही. स्टिकरवर +१२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. मोलेक्सवर डेस्कटॉपला ११.८८, गेममध्ये ११.३१. पॉवर लिमिट ७० केल्यावर गेममध्ये एकदाही गेला नाही. यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद केलं तर पीसी त्याच क्षणी बंद. आणि हो, खालच्या मजल्यावरची मोटर सुरू झाली की यूपीएस 'टक' करतो.

आता काय घेऊ? आणि जुना एसएमपीएस आईच्या पीसीला लावू का? त्यात ग्राफिक्स कार्ड नाही.

सोल्डरगन:
१८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. तुमची गरज २४०, आणि ११.३१ हद्दीबाहेर. दोन वेगळे आजार आहेत: गेममध्ये एसएमपीएस, बाकी वेळी यूपीएसची बॅटरी. मदरबोर्ड निर्दोष.

५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला) घ्या, पण स्टिकरवर १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर बघूनच. पाच वर्षांची वॉरंटी असलेला घेतलेला बरा. बसवताना प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा यांची अदलाबदल करू नका. दोन्ही दिसायला सारखे, पण आत पिवळ्या-काळ्याची जागा उलटी असते. खाचा वेगळ्या असतात, म्हणून जोर लावावा लागला की थांबायचं. मोलेक्सवरून ८ पिन करणारे अॅडॉप्टर कार्डाला लावू नका. आणि मॉड्युलर (सुट्या केबलवाला) घेतलात तर केबल त्याच खोक्यातल्या. दुसऱ्या मॉडेलच्या केबल बसतात, पण एसएमपीएसच्या टोकाला पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि एसएसडी क्षणात जळतो.

जुना आईच्या पीसीला लावू नका. डेस्कटॉपवरच ११.८८ आणि लोडवर अर्ध्या व्होल्टहून जास्त घसरण, म्हणजे तो थकलाय. भंगारात द्या.

वायरमन_काका:
यूपीएसला १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी घाला, जुनी दुकानात परत द्या. यूपीएस बंद करून, प्लग काढून, मगच उघडा. लाल वायर धनाला, काळी ऋणाला. उलटी लागली तर यूपीएसचं सर्किट गेलं. पहिल्यांदा आठ-दहा तास चार्ज होऊ द्या आणि मग बटण बंद करून परीक्षा घ्या.

पण ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. गेममध्ये तुमचा पीसी भिंतीतून ३०० च्या आसपास ओढेल, वर मॉनिटर. गेम चालू असताना वीज गेली तर तो कसाबसा मिनिट-दोन मिनिटं टिकेल. तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं असेल तर पुरे, खेळत राहायचं असेल तर १ केव्हीएचा बघा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरीची वीज देतो आणि काही नव्या एसएमपीएसना ती पचत नाही, म्हणून नवा एसएमपीएस बसवल्यावर बटण बंद करून बघण्याची परीक्षा पुन्हा करा, एकदा डेस्कटॉपवर आणि एकदा गेम चालू ठेवून. प्रिंटर यूपीएसवर लावलेला असेल तर आजच काढा, लेझर असेल तर आत्ताच.

तारायंत्र:
पॉवर लिमिट परत १०० वर न्यायला विसरू नका. एक्सएमपी मात्र नवा एसएमपीएस आठवडाभर नीट चालल्यावरच चालू करा, दोन्ही एकदम बदललं तर पुन्हा कोणामुळे काय झालं ते कळायचं नाही.