मदत हवी आहे: भावाचं ओसीडी आणि त्याचा संताप

धाकटा भाऊ, वय 26, नाशिकला आईबाबांजवळ असतो. मी पुण्यात. ओसीडीचं (तीच भीती मनात येत राहते आणि तीच कृती परत परत करावी लागते, तो आजार) निदान झालंय, त्याबद्दल शंका नाही. रात्री गॅसचा नॉब, मग रेग्युलेटर, मग दाराची कडी आणि परत नॉब. हात लावून लावून नॉबवरच्या खुणा पुसल्या गेल्यात. मध्यंतरी बंद नॉबचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. आता तो फोटो आजचाच ना, अशी शंका येते.

हे एकवेळ चालवून घेतलं असतं. पण मध्येच कुणी हाक मारली की "आता पहिल्यापासून करावं लागणार" म्हणून भांडी आपटतो, आईला नाही नाही ते बोलतो आणि थोड्या वेळाने तिच्याचजवळ बसून रडतो. (आत्याचा उपाय: लग्न लावून द्या. तो सल्ला कृपया नको.)

दिवाळीनंतर त्यावरची सर्ट्रालिन ही गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी ईआरपीही सुचवलंय, म्हणजे भीतीला ठरवून सामोरं जायचं आणि तपासायचं मात्र नाही. इकडे त्याने विचारलं की आई "हो रे राजा, बंद आहे" म्हणतेच. नाही म्हटलं तर घर डोक्यावर घेतो.

रागासाठी वेगळी थेरपी लागते का? आणि आईने उत्तर देणं थांबवायचं कसं?

प्रतिसाद १
ताई, आमच्या घरी यजमानांना होतं. उत्तरं एकदम तोडू नका. तो शांत असताना, जमल्यास थेरपिस्टसमोर, त्याच्याशीच बोलून ठरवा: आधी रात्री एकदाच उत्तर, पुढे तेही नाही. आईंनी म्हणायचं, "उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते."
मनात 'घर पेटेल' चालू असताना कुणी अडवलं तर माणूस खेकसतोच, तो राग बराचसा भीतीचा असतो. काहींना मात्र मुळातच भावना आवरणं जड जातं, तिथे त्यावर वेगळं काम करावं लागतं. संताप कधी आला, त्याआधी काय झालं, हे लिहून थेरपिस्टना दाखवा. गोळ्यांचा परिणाम दिसायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, मनाने बंद करू देऊ नका. राग गोळ्यांनंतर वाढला असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा.

धागाकर्ती
राग आधीपासूनचाच आहे. आईला फोनवर हे वाचून दाखवलं. म्हणाली, "गप्प बसले तर तो मला वैरीण समजेल."

प्रतिसाद २
टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. भावासाठी नाही, आईंनाच लावून द्या.